आधी हात, मग फळी : दोघांसाठी घरी बनवलेली गेमची पेटी

(सुरुवातीला टक-टक-टक असा आवाज)

ऐकलंत? बटणांचा आवाज आहे हा. मोबाइलचा नाही, खऱ्या बटणांचा. शेजारच्या काकूंना पहिल्या दिवशी वाटलं होतं की आमच्याकडे कोणीतरी टाइपरायटर आणलाय!

कोणी बसमध्ये उभं असेल, कोणी भांडी घासत असेल, कोणी अभ्यास सोडून ऐकत असेल. सगळ्यांचं स्वागत. आजचा भाग आमच्या घरातल्या एका पेटीबद्दल आहे. ही पेटी मी आणि माझ्या दादाने मिळून बनवली. दादाला विचारूनच सगळं सांगतोय. त्याने एकच अट घातली, "माझं रडगाणं करू नकोस, मापं नीट सांग." तर मापं सांगतोच.

पेटी ७० सेंटीमीटर लांब, २८ सेंटीमीटर खोल, मागच्या बाजूला १० सेंटीमीटर उंच आणि पुढे ७. म्हणजे वरची फळी आपल्याकडे किंचित उतरती. वर दोन जॉयस्टिक आणि बटणांचे दोन गट. आत स्क्रीन नाही, स्पीकर नाही, काही नाही. मागून दोन यूएसबी वायरी निघतात, त्या जुन्या लॅपटॉपला जातात आणि लॅपटॉप टीव्हीला. खेळून झालं की पेटी दिवाणाखाली सरकवायची. पूर्वी गेमच्या दुकानात कपाटाएवढी मशिनं असायची, तशी पूर्ण मशीनही लोक घरी बनवतात. पण आमचं घर वन बीएचके. कपाट आलं तर आम्हाला जिन्यात झोपावं लागेल. म्हणून मशीनचा फक्त हाताखालचा भाग बनवला.

आणि दोघांसाठीच का? तर गंमत ऐका. १९७२ साली अटारी कंपनीचा 'पाँग' नावाचा गेम आला. पडद्यावर दोन रेघा आणि एक चेंडू, बस. नाणी टाकून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये हा पहिला जोरदार चाललेला गेम. आणि तो एकट्याला खेळताच यायचा नाही! समोर कॉम्प्युटर नव्हता, शेजारी माणूसच लागायचा. म्हणजे शेजारी कोणीतरी असणं हे या खेळात पहिल्यापासून आहे.

आमच्या लहानपणी चिंचवडला गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती आणि गिरणीला लागून व्हिडिओ गेमचं दुकान. रुपयाला एक कॉईन. शाळेच्या गणवेशात आत घ्यायचे नाहीत, म्हणून आम्ही शर्ट उलटा घालून जायचो. मुस्तफा हा आमचा गेम. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. हे मला कळलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. गल्लीत सगळे त्याला मुस्तफाच म्हणायचे, कारण त्यातला पिवळ्या टोपीवाला मुस्तफा सगळ्यांनाच हवा असायचा. तो नेहमी दादाच घ्यायचा. दादा उजवीकडे, मी डावीकडे. माझा जीव संपत आला की तो पुढे येऊन मार खायचा आणि रस्त्यात सापडलेलं खाणं माझ्यासाठी सोडायचा. त्यावेळी मला त्याचं काही वाटायचं नाही.

आता जे सांगायचं ते एकदाच सांगतो. दोन वर्षांपूर्वी दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं. तो पॉवर प्रेसवर कामाला होता. पत्रा ठेवायचा, पाय दाबायचा, वरून डाय येते, पत्रा काढायचा. दिवसातून हजारो वेळा. एकदा हात आत असताना डाय आली.

जखम भरली. आता तो स्टोअरला बसतो. पण एक दिवस वहिनीने मला फोन केला. म्हणाली, "भाऊजी, हे घरातसुद्धा हात खिशातून काढत नाहीत. पोरगा मोबाइल घेऊन खेळायला बोलावतो तर म्हणतात, तू खेळ, मी बघतो."

मोबाइलवर खेळणं त्याला खरंच अवघड होतं. विचार करा, फोनवर गेम खेळताना दोन्ही हातांची मधली बोटं मागून फोन धरतात, म्हणून अंगठे मोकळे राहतात. त्याच्या उजव्या हाताची पकडच बदललीय. शिवाय काचेवर बटण कुठे आहे हे बोटाला कळत नाही, बघावं लागतं. दुकानातल्या त्या गेमची बटणं मोठी, फळीत घट्ट बसलेली. धरायचं काहीच नाही, हात नुसता ठेवायचा. मला वाटलं, असं काहीतरी बनवू. हा काही उपचार वगैरे नव्हता हं. मी डॉक्टर नाही. मला फक्त त्याच्याबरोबर खेळायचं होतं.

सामान ऑनलाइन मागवलं. दोन जॉयस्टिक, वीस बटणं, दोन एन्कोडर बोर्ड आणि वायरी असा संच मला ३,५०० रुपयांना पडला. एन्कोडर म्हणजे आगपेटीपेक्षा थोडा मोठा हिरवा बोर्ड. बटण दाबलं की तो लॅपटॉपला सांगतो, हे बटण दाबलं गेलंय. लॅपटॉपला वाटतं गेमपॅड लावलाय. प्रत्येक खेळाडूला एक बोर्ड, म्हणून दोन.

जॉयस्टिकही आतून अगदी साधी. खाली चार बाजूंना चार छोटे स्विच. दांडा उजवीकडे ढकलला की उजवा स्विच दाबला जातो. तिरपं ढकललं की दोन स्विच एकदम. बस, यात जादू काही नाही. मी ती उघडून पुतण्याला दाखवली तर तो म्हणाला, "एवढंच?"

माझी पहिली चूक इथेच झाली. मी १२ मिलीमीटरचा प्लाय आणून ठेवला होता. आणि आलेली बटणं होती खटक्याची. त्यांच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे कान असतात. बटण भोकात दाबलं की कान पलीकडे उघडतात आणि बटण अडकतं. पण हे पातळ पत्र्यासाठी असतं, तीन-चार मिलीमीटरच्या. बारा मिलीमीटरच्या लाकडात कान पलीकडे पोचतच नाहीत. बटण नुसतं भोकात बसतं आणि दोन ठोशांत वर येतं. जाड फळीसाठी मागून नट आवळायची बटणं मिळतात, ती घ्यायची. तुम्ही मागवायच्या आधी एवढं बघा.

दुसरी चूक जास्त मोठी होती. इंटरनेटवर बटणांचे तयार आराखडे मिळतात. सहा बटणं, वर तीन, खाली तीन, हलकासा बाक. मी तो छापला, फळीवर चिकटवला आणि दादाला दाखवायला गेलो. त्याने आराखड्यावर हात ठेवला. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या जागी दोन गोल तसेच उघडे राहिले. तो काहीच बोलला नाही. हात परत खिशात गेला.

त्या रात्री मी तो कागद फाडला. मला कळलं की मी एका हातासाठी पेटी बनवत होतो आणि तो हात दादाचा नव्हता.

पुढच्या रविवारी बुटांचा रिकामा खोका घेऊन गेलो. ही युक्ती सगळ्यांना उपयोगी आहे म्हणून नीट ऐका. ३० मिलीमीटरची खटक्याची बटणं पुठ्ठ्यात अगदी मस्त बसतात. म्हणजे लाकूड कापायच्या आधी खोक्यावर भोकं पाडायची, बटणं बसवायची, हात ठेवून बघायचं, नाही जमलं तर दुसरा खोका. चपलांच्या दुकानात मागितले तर फुकट मिळतात.

मी सुचवलं, "दादा, उलटं करू. जॉयस्टिक उजवीकडे घे, बटणं डाव्या हाताखाली. तुझा डावा हात तर पूर्ण आहे." मला वाटलं, काय हुशारी केली! त्याने खोक्यावर दोन मिनिटं करून बघितलं आणि म्हणाला, "नाही जमत रे. डाव्या हाताला दांडा माहितीय. आता त्याला नवीन काय शिकवू?" बरोबर होतं त्याचं. लहानपणापासून डावा हात दांड्यावर आणि उजवा बटणांवर. डोकं विसरलं तरी हात विसरत नाही.

मग मी कागदावर त्याचा उजवा हात ठेवला आणि पेन्सिल फिरवली. लहान मुलं करतात ना, तसं. अंगठा, अनामिका, करंगळी. हे करताना तो छताकडे बघत होता, मी कागदाकडे. पण दोन मिनिटं हात बाहेर होता.

आणि मग लक्षात आलं की आम्हाला सहा बटणं लागतच नाहीत! आमच्या आवडीच्या मारामारीच्या गेममध्ये दोनच बटणं असतात. एक मारायचं, एक उडी मारायचं. दोन्ही एकदम दाबली की खास डाव, त्यात आपलाही थोडा जीव जातो. सहा बटणं लागतात ती 'स्ट्रीट फायटर टू'सारख्या गेमला, तीन ठोसे आणि तीन लाथा. म्हणजे दादाला हवी होती फक्त दोन बटणं. मारायचं अंगठ्याखाली, उडीचं अनामिकेखाली. खोका क्रमांक चारवर जागा पक्की झाली. बटणांचा गट उजवीकडे झुकलेला, तळहात टेकायला पुढे मोकळी जागा, आणि दादा उजव्या टोकाला, म्हणजे कोपराला बाहेर वाव. गिरणीशेजारच्या दुकानात उभा राहायचा तीच बाजू.

लांबीसुद्धा खोक्यांवरूनच ठरली. मला पेटी छोटी हवी होती म्हणून आधी ५५ सेंटीमीटर धरली. दोन खोके तेवढ्या अंतरात चिकटवून शेजारी बसलो तर माझं कोपर थेट त्याच्या बरगडीत. सत्तरला खांदे जेमतेम लागतात, कोपरं लागत नाहीत.

मग प्लाय. वरच्या फळीला मी दोन थर केले. वर ३ मिलीमीटरची अ‍ॅक्रिलिकची शीट, तिला ३० मिलीमीटरची भोकं. खाली तोच १२ मिलीमीटरचा प्लाय, पण त्याला ३८ मिलीमीटरची मोठी भोकं, म्हणजे बटणाच्या कानांना उघडायला जागा. वाया गेलेला प्लाय असा कामाला आला.

भोकं पाडताना मी प्लाय एका हाताने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने ड्रिल उचललं. दादा दारात उभा होता. अपघातानंतर तो कुठल्याच मशीनजवळ गेला नव्हता. एकदम ओरडला, "हात काढ!"

मी दचकलो. तो आत आला, ड्रिल माझ्याकडून घेतलं आणि प्लग काढला. म्हणाला, "आधी क्लॅम्प. दोन लाव. होलसॉ अडकला की फळी फिरते, मग तुझा हात कुठे असेल?" मग गुण्या मागितला, मध्य काढला, खिळ्याने प्रत्येक मध्यावर खूण ठोकली, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मला म्हणाला, "अर्धं भोक वरून पाड, मग फळी उलटी करून उरलेलं खालून. नाहीतर खालचा थर फाटतो." सगळी भोकं मी पाडली, तो दोन फुटांवरून बघत होता. शेवटचं त्याने पाडलं. डाव्या हातात ड्रिल, उजवा तळहात वरून टेकवलेला. कुठलं भोक? उडीचं.

तर मंडळी, घरी बनवणार असाल तर क्लॅम्प लावल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही. हे मी नाही, पंधरा वर्षं प्रेसवर काढलेला माणूस सांगतोय.

वायरिंगला मात्र घाबरू नका. सोल्डरिंग नाही. प्रत्येक बटणामागे दोन पत्र्या, त्यावर वायरीची टोपणं बसवायची. कुठली वायर कुठल्या पत्रीला याने फरक पडत नाही, तो साधा स्विच आहे. सगळं यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतं, शॉकची भीती नाही. हे काम पुतण्याने केलं. त्याचे दोन्ही बोर्ड अगदी सारखे असल्यामुळे लॅपटॉप कधीकधी पहिला खेळाडू कोण आणि दुसरा कोण यात गोंधळतो. मग वायरी अदलाबदल करायच्या. त्याने एका वायरीला लाल सेलोटेप लावलीय.

आता गेम कुठून आणायचे? सरळ सांगतो. जुन्या गेमच्या चिपमधला मजकूर इंटरनेटवर पडलेला दिसतो, पण गेम जुना झाला म्हणून त्याचा हक्क संपत नाही. कॅपकॉमने २०१८ साली असे सात मारामारीचे गेम एकत्र करून विकायला काढले, त्यात १९८९ सालचा 'फायनल फाइट' आहे, 'कॅप्टन कमांडो' आहे. तो संच आम्ही घेतला. मुस्तफा त्यात नाही. दादा थोडा हिरमुसला. पण हात तोच, बटणं तीच दोन.

आणि मग तो पहिला रविवार. टीव्ही लावला, शेजारी बसलो, पाच मिनिटांत दादा तीनदा मेला. समोरचा माणूस ठोसा उगारतो, दादा बटण दाबतो, पण मार त्यालाच लागतो. पुन्हा तेच. चौथ्यांदा त्याने हात पेटीवरून उचलला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "राहू दे. हातच संथ झालाय माझा."

मला काही सुचेना. मी एकटाच खेळत राहिलो, उगाच. आणि खेळता खेळता जाणवलं, अरे, माझंही चुकतंय! माझी तर दहा बोटं शाबूत आहेत. बटण दाबतो, टक आवाज येतो, आणि पडद्यावरचा माणूस थोड्या वेळाने हात उचलतो. आवाज आधी, हात नंतर.

दोष टीव्हीचा होता. आजचे टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाहीत. ते आधी चकचकीत करतात, रंग सुधारतात, हालचाल गुळगुळीत करतात. त्यात सेकंदाचा छोटा हिस्सा जातो. सिनेमा बघताना ते कळत नाही, गेममध्ये मात्र तेवढ्यात ठोसा बसतो. बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो ही सगळी सजावट बंद करतो. तो लावला. रंग थोडे फिके झाले. आणि दादाने उडी मारून लाथ घातली ती थेट लागली.

त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "टीव्ही होता होय?"

"टीव्हीच होता."

मंडळी, त्या पाच मिनिटांत एका माणसाने स्वतःच्या हाताबद्दल कायमचं मत बनवलं असतं, आणि ते चुकीचं असतं. म्हणून सांगतो, काही बनवलंत आणि समोरचा म्हणाला "मला जमत नाही", तर आधी मशीन तपासा. नेहमीच मशीनचा दोष नसतो. पण आपण माणसाला आधी दोष देतो आणि मशीनला नंतर.

आता काय चाललंय? दर रविवारी संध्याकाळी पेटी बाहेर येते. इथे मेलं तरी पुन्हा सुरू करायला रुपया लागत नाही, त्यामुळे पुतण्या बेफिकीर खेळायचा. दादाने नियम केला, प्रत्येकाला तीन कॉईन. खरे, पितळी डब्यात ठेवलेले. संपले की उठायचं. तेव्हापासून तिघंही जपून खेळतात आणि आरडाओरडा दुप्पट झालाय. वहिनीची बटणांच्या आवाजाबद्दल तक्रार होती, म्हणून आत फोम चिकटवला आणि खाली रबरी बुश लावले. आता तिची तक्रार आमच्या आवाजाबद्दल आहे.

दादाचा हात खिशातून बाहेर आला का? पेटीसमोर येतो. लग्नात, बाजारात अजून खिशातच असतो. पेटीने सगळं होईल असं मी म्हणणार नाही. मध्ये पुतण्याचा एक मित्र खेळायला आला होता. त्याने विचारलं, "काका, तुमची बटणं अशी तिरकी का?" दादाने हात वर करून दाखवला आणि म्हणाला, "माझ्या मापाची आहेत म्हणून." आणि पुढचा डाव सुरू केला.

तुम्ही बनवणार असाल तर यादी छोटी आहे. बटणं मागवायच्या आधी फळीची जाडी ठरवा. लाकूड कापायच्या आधी खोक्यावर खेळून बघा. क्लॅम्प लावा. टीव्हीचा गेम मोड शोधा. आणि सगळ्यात आधी, ज्याच्याबरोबर खेळायचंय त्याला कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसवा आणि त्याच्या हाताभोवती रेघ काढा. आजीचा हात असेल तर बटणं जवळ घ्या, लहान भाऊ असेल तर अजून जवळ.

बनवलीत तर मला आवाज पाठवा. फोटो नको, आवाज. ती टक-टक, आणि शेजारी बसलेल्याची शिवी. ऐकायला मजा येईल.

चला, आज रविवार आहे. दादा खाली आलाय, हॉर्न वाजवतोय. भेटू पुढच्या भागात!

(टक-टक-टक. मागून एक आवाज: "अरे, उडी मार, उडी!")